उन्हाचा सराव

४ मे

बँडला बोलावणं आलं. थेट साओ तोमे बेटावरून! इस्टरला तिथले फादर आमच्याकडे येऊन गेले तेव्हा मला वाटलं होतं, सगळेच म्हणतात या या, बोलावतं कोण. पण आज बँडमास्तर क्रिस्पिमनी तिथल्या नगरपालिकेचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सप्टेंबरअखेर, बावीस माणसांची तिकिटं. वाल दे सोव्रोचा बँड तालुक्याबाहेर वाजवायला गेल्याला जमाना झाला, आणि आता एकदम समुद्र ओलांडून विषुववृत्तावर. सभेत नुसता गलका. कोणाला पोहायचे कपडे सुचत होते, कोणाला माकडं. मी उभा राहिलो आणि एकच शब्द म्हणालो, "मलेरिया." 

मग त्यांना सांगितलं, तीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली आहेत, माणूस कशाकशाने मरतो ते माझ्याइतकं या गावात कोणाला ठाऊक नाही. मास्तर म्हणाले, "मग हे खातं तूच बघ बाबा." असा मी आरोग्यप्रमुख झालो. मोठा ढोल वाजवणाऱ्या फिलोमेनाने लगेच "आरोग्यमंत्री" करून टाकलं. त्या बाईच्या जिभेला हाड नाही.

एक गोष्ट मनाला लागली ती इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही. बँडमध्ये बोंबार्दिनो वाजवणारे आम्ही दोघं, सिल्वेरियो आणि मी. पोटाशी धरायचं ते अवजड पितळी वाद्य, त्यामुळे जागा एकालाच. मास्तरांनी विचारलंसुद्धा नाही. "बोंबार्दिनोवर सिल्वेरियोकाका, बाल्तझार राखीव," म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले. मला जायची हौस आहे अशातला भाग नाही. पण विचारायचं तरी.

५ मे

ओदेतला म्हटलं, सत्तरीचा म्हातारा कशाला पाठवतात इतक्या लांब? तर बायको माझ्याच अंगावर आली. "अरे, त्याची मुलगी आहे तिथे!"

जसं काही मला माहीतच नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे ती कथा. सिल्वेरियो तरुणपणी तिथल्या कोकोच्या मळ्यावर मुकादम होता. तिथल्याच एका बाईपासून त्याला मुलगी झाली. तो देश स्वतंत्र झाला, आम्हा पोर्तुगीजांना जहाजात भरून परत पाठवलं, आणि हा इथे येऊन बुचाच्या झाडांची साल काढत बसला. लग्न केलं नाही. पत्रं पाठवायचा, ती परत यायची. इस्टरला त्या फादरांनी चेहरा न्याहाळून विचारलं, "तुम्ही नेल्माचे वडील तर नव्हे?" झालं, चर्चमध्येच म्हातारा ओक्साबोक्शी रडला. सगळं गाव रडलं. मी माझी टोपी शोधत होतो.

सगळं गाव त्याला काका म्हणतं. मी म्हणत नाही. आणि तो मला "पोरा" म्हणतो. एकसष्ट वर्षांचा मी!

१९ मे

आज आरोग्याचे नियम वाचून दाखवले. बाहेरचं अन्न नाही, बर्फ नाही, न उकळलेलं पाणी नाही, कोणाला मिठी मारणं नाही, हस्तांदोलन केल्यास हात औषधाने पुसणे, संध्याकाळी लांब बाह्या.

सिल्वेरियो मागून म्हणाला, "बाल्तझार, पोरा, माझं एक बोट आधीच तिथे पोचलंय. त्याला कुठला नियम?"

हसून हसून लोकांचे डोळे पाणावले. त्याच्या डाव्या हाताला करंगळी नाही. कोको फोडायच्या कोयत्याने गेली, मळ्यातच पुरली म्हणे. हा विनोद तो वर्षानुवर्षं सांगतो, एक बोट पुढे गेलंय, बाकीचा मी जायचा राहिलोय. इतके दिवस कोणी हसत नव्हतं. आता हसतात.

चार बोटांनी तो इतकं जड वाद्य धरतो कसं, हा खरं तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मी तसं मास्तरांना सुचवलं. ते म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं धरतोय."

८ जून

सगळ्यांना घेऊन शहरातल्या प्रवास-डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हुशार बाई. पीतज्वराची लस, मलेरियाच्या गोळ्या, सगळं नीट समजावलं. साठीपुढच्या माणसांना लस जरा विचार करून देतात म्हणाल्या. मी सिल्वेरियोकडे पाहिलं. त्यांनी त्याला चांगला अर्धा तास तपासला आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं चालतं. खुशाल जा."

मग मला तपासलं. रक्तदाब बराच वर दाखवत होता. म्हणाल्या, तुम्ही मात्र जपा. यंत्रात बिघाड असणार, सकाळपासून वीस जणांना लावलेलं ते. मी बाईंना तसं सांगितलंही.

उष्णतेबद्दल मात्र त्यांनी फार उपयोगाची माहिती दिली, जशीच्या तशी टिपून घेतली. सैल सुती कपडे. तहान लागायच्या आत पाणी. सूर्य डोक्यावर असताना सावली. चक्कर, मळमळ, बडबड दिसली की कपडे सैल करून ताबडतोब गार करणे, एक मिनिट दवडायचं नाही. आणि एक महत्त्वाचं: शरीराला उन्हाची सवय हळूहळू लावता येते.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. परतताना बसमध्ये त्यावरच विचार करत होतो.

२२ जून

बँडच्या खोलीत गेलो तर सिल्वेरियो एकटाच. मोबाइल खुर्चीवर उभा करून ठेवलेला आणि हा त्याच्यासमोर बोंबार्दिनो वाजवतोय. मारियामातेच्या मिरवणुकीतला संथ मार्च, दुसरा भाग, जिथे बाकी सगळे थांबतात आणि फक्त बोंबार्दिनो चालतो. खरं सांगायचं तर बरा वाजवतो. वाजवून झाल्यावर फोनमधून एक बाई हसली की रडली कोण जाणे. नेल्माकडे स्वतःचा फोन नाही, शेजारच्या दुकानातून करते, त्यात चेहरा दिसत नाही, नुसता आवाज.

मी दारातच थांबलो. तो तिला सांगत होता, "बये, एवढ्या गर्दीत तू मला ओळखणार कशी? हे पितळेचं भलंमोठं तोंड दिसलं की तो मी. आणि खात्री करायची असेल तर डावा हात बघ. तुझ्या आईनेच पट्टी बांधली होती."

मग मला बघून म्हणाला, "ये ना पोरा, बोल माझ्या मुलीशी."

मी म्हटलं, फोन फार वेळ कानाशी धरू नका, चांगलं नसतं. तो हसला. त्याला प्रत्येक गोष्टीचं हसूच येतं.

६ जुलै

ओदेतला आज माझी नवी टोपी सापडली. रुंद काठाची, डासांची जाळी लावलेली.

"राखीव माणसाला टोपी कशाला?"

"तयारी असावी."

"कशाची तयारी?"

"म्हातारा माणूस आहे. काहीही होऊ शकतं."

ती म्हणाली, "बाल्तझार, तू त्याच्यासाठी मेणबत्ती लावतोयस की त्याच्याविरुद्ध?" बायकांना जबाबदारी म्हणजे काय ते कळत नाही.

१४ जुलै

आज सभेत गणवेशावरून जुंपली. मास्तरांचं म्हणणं, तिथे अर्ध्या बाह्यांचे पांढरे शर्ट घालू. माझा विरोध. आमचा लोकरीचा निळा कोट, गळ्यापर्यंत बटणं, हीच या बँडची ओळख. आणि आमचा रिवाज सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे: मारियामातेची पालखी चर्चबाहेर असेपर्यंत वाल दे सोव्रोचा वादक बटण काढत नाही आणि पाण्याला तोंड लावत नाही. इतर गावचे बँड बाटल्या तोंडाला लावून चालतात, आम्ही नाही.

फिलोमेना म्हणाली, "अहो आरोग्यमंत्री, सुती कपडे घाला असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना? का तेवढ्यापुरते बहिरे झालात?"

तिला उत्तर द्यायची वेळच आली नाही. सिल्वेरियो उठला. "बाल्तझार बरोबर बोलतोय," म्हणाला. "मातेसमोर बटण काढायचं नाही. आणि माझ्या पोरीने मला पहिल्यांदा बघायचं तर पूर्ण गणवेशात बघू दे. शर्टात कशाला, बाजाराला निघाल्यासारखा?" टाळ्या पडल्या.

मग मी सुचवलं की कोटच घालायचा तर शरीराला सवय हवी. उन्हाचा सराव. आणि ज्याला झेपणार नाही त्याने मोठ्या मनाने जागा सोडावी, त्याच्याच जिवासाठी. कोणीच नाही म्हणू शकलं नाही. सिल्वेरियो सर्वांत आधी म्हणाला, "मंजूर."

मला पहिल्यांदाच तो माणूस आवडला.

४ ऑगस्ट

पहिला सराव. भर दुपारी, खळ्याच्या उतारावरून वर चर्चपर्यंत, पूर्ण गणवेशात. मी झाडाखाली खुर्ची टाकून उष्णतामापक घेऊन बसलो होतो, कोणीतरी नोंद ठेवायलाच हवी. दोन क्लॅरिनेटवाले खालीच बसले. सिल्वेरियो टोमॅटोसारखा लाल झाला, पण वर आला, वाजवत आला. आल्यावर मला म्हणाला, "बुचाच्या झाडावर पंचेचाळीस उन्हाळे काढलेत पोरा. ऊन माझ्या ओळखीचं आहे."

प्रकृती उत्तम आहे. आनंदच आहे. आनंदच व्हायला हवा. जेवण गेलं नाही.

११ ऑगस्ट

विचार करतोय. उतार चढून जाणं ही खरी परीक्षा नव्हे. तिथे तो तासन् तास उभा राहणार, वर आनंदाचा ताण. खरी परीक्षा पंधरा तारखेच्या मातेच्या मिरवणुकीतच होईल. मास्तरांना म्हटलं, यंदा पालखी जुन्या वाटेने, खळ्यावरून वळसा घालून नेऊ, आजारी माणसांना घरात बसून दर्शन होईल. आमच्या फादरांना कल्पना फार आवडली. म्हणाले, "बाल्तझार, तुझं मन मोठं आहे."

१५ ऑगस्ट

सगळं जसं झालं तसं लिहितो, म्हणजे उद्या कोणी काही म्हणायला नको.

त्रेचाळीस अंश. पालखी दुपारी निघाली, कारण पुढे गायींच्या जत्रेचं उद्घाटन होतं. खळ्याच्या वळशावर सावलीचा मागमूस नाही. सिल्वेरियो माझ्या डाव्या हाताला. वळशाच्या मध्यावर त्याचा घाम थांबला. मी पाहिलं. चेहरा कोरडा, राखेच्या रंगाचा. मला वाटलं, सवय झाली असावी.

फिलोमेनाने ढोलाच्या पट्ट्यात पाण्याची बाटली लपवली होती. ती त्याच्यापुढे धरायला लागली. मी हळूच म्हटलं, "प्यायलात तर सराव बाद, सिल्वेरियो. मग माझा नाइलाज आहे." नियम सर्वांना सारखा. त्याने बाटली परत केली. स्वतःच्या हाताने परत केली, हे नीट लक्षात ठेवायला हवं.

मग संथ मार्च लागला. दुसऱ्या भागात बाकी सगळे थांबले आणि तो एकटा वाजवू लागला, पण भलतंच. सूर बरोबर, पण तेच तेच चार सूर पुन्हा पुन्हा. मग वाद्य खाली करून म्हणाला, "बोट आली का?" मी विचारलं, कुठली बोट? तो कोसळला. बोंबार्दिनो दगडांवर आपटून पोचा पडला, तोही नोंदवायला हवा, बँडची मालमत्ता आहे.

फिलोमेना ढोल टाकून धावली आणि त्याची बटणं काढायला लागली. मी तिचा हात धरला. चर्चचं दार समोर दिसत होतं, पालखी आत जायला कितीसा वेळ? म्हटलं, "अगं, मातेला आत जाऊ दे. तोच नंतर म्हणेल, माझी अब्रू घालवलीत." पालखीवाले थबकले. त्यांना कळेना आधी काय करायचं. काही जण गुडघ्यावर बसले. फिलोमेनाने मला जोरात ढकललं, मी चक्क पडलो, आणि तिने कोट फाडला. बटणं उडाली.

नंतर रुग्णवाहिका आली.

बटणं निघाली तेव्हा पालखी बाहेरच होती, एवढं मात्र सर्वांनी पाहिलं.

१६ ऑगस्ट

वाचला. पण जीभ आणि उजवी बाजू गेली. मेंदूवर परिणाम झाला म्हणतात. तरी डॉक्टरीणबाईंना मी तेव्हाच सांगत होतो की वय झालंय.

२० ऑगस्ट

जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन आलो. त्याचं इथे कोणी नाही, म्हणून नातेवाइकाच्या जागी मी माझं नाव घातलं. आरोग्यप्रमुखाचं कर्तव्यच आहे. त्याच्या उशाशी बसलो, हात औषधाने पुसले, त्याचेही पुसले. सांगितलं, "काळजी करू नका. बोंबार्दिनोची जागा रिकामी राहणार नाही."

त्याने डावा हात हलवला. चारी बोटांनी माझी बाही घट्ट धरली. घशातून आवाज काढत होता, "ने... ने..." नेल्मा म्हणायचं असावं. म्हटलं, "नेतो, नेतो, निरोप नेतो." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारी माणसं हळवी होतात.

ओदेत माझ्याशी बोलत नाही. पाव-लसणाचं सूप वाडग्यात ओतते आणि निघून जाते. मी पोचा काढायला बोंबार्दिनो दिलाय.

२ सप्टेंबर

सभा. मास्तर खाली मान घालून म्हणाले, जायचंच नको. मी उठलो. म्हटलं, आपण न गेलो तर सिल्वेरियोला काय वाटेल? आपल्यामुळे बँड थांबला, या विचाराने तो जगेल का? बऱ्याच जणांना पटलं. फिलोमेना म्हणाली, "त्या पोरीला कोणी कळवलं?"

कोणीच कळवलं नव्हतं.

"मी कळवतो," मी म्हटलं. त्याचा मोबाइल मी रुग्णालयात बंद करून ठेवलाय, दुकानाचा नंबर टिपून घेतलाय.

९ सप्टेंबर

फोन केला नाही. अशी बातमी फोनवरून देणं बरं नाही, ऐकणाराच्या हृदयाला धक्का बसू शकतो. समोरासमोर, बसवून, पाणी देऊन सांगावी. ते जास्त सुरक्षित आहे.

मलेरियाच्या गोळ्या सुरू केल्या. टोपी छान बसते.

२८ सप्टेंबर, साओ तोमे

पोचलो! विमानातून उतरलो आणि ओला टॉवेल तोंडावर टाकावा तशी हवा. सगळं हिरवं, झाडं एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखी. माणसं प्रेमळ, पण फार जवळ येतात. मी सगळ्यांना औषधाच्या बाटल्या वाटल्या. कोटाचं काय सांगू, मास्तरांनी विमानतळावरच हुकूम काढला, पांढरे शर्ट! फिलोमेना माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंत ना मंत्रीसाहेब? शर्ट." मी वाद घातला नाही. खरं तर उकडत होतंच.

२९ सप्टेंबर

आज चौकात वाजवलं. मी सुंदर वाजवलं, असं माझं मत आहे. दुसऱ्या भागात फक्त मी, आणि सगळा चौक ऐकतोय. एकसष्ट वर्षं देशाबाहेर न पडलेला माणूस, आणि हे! 

वाजवून झाल्यावर गर्दीतून एक बाई आली. चाळिशीपुढची, उंच, डोक्याला पिवळा रुमाल, हातात झाकलेलं भांडं. बोंबार्दिनोकडे बघत बघत आली. भांडं जमिनीवर ठेवलं आणि मला मिठी मारली. "बाबा," म्हणाली.

मला सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. पण ती इतकी थरथरत होती की मला तिच्या प्रकृतीची भीती वाटली. भर उन्हात, गर्दीत, असा धक्का! काहीही होऊ शकलं असतं. म्हणून म्हटलं, "हो, हो, शांत हो." एवढंच. बाकीचं ती आपणच समजली.

आम्ही झाडाखाली बसलो. तिने भांडं उघडलं. मासा आणि पाल्याचा रस्सा, उकडलेला नीरफणस. "पहाटेपासून करतेय," म्हणाली, "आई म्हणायची तुम्हाला हेच लागायचं." मी सांगितलं, बाहेरचं खायला डॉक्टरांची बंदी आहे. तिचा चेहरा पडला, पण हसली. "मग मी भरवते, एक घास." मी तोंड फिरवलं. नियम आपणच केलेले, आपणच कसे मोडायचे?

मग तिने माझा डावा हात हातात घेतला. मला वाटलं, माया. उलटा केला, सुलटा केला. करंगळी धरून राहिली, बराच वेळ.  मग हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला, झाकण लावलं, भांडं उचललं आणि बँडच्या घोळक्याकडे निघून गेली.

मी हात औषधाने पुसले. उद्या शांतपणे सगळं सांगेन.

१ ऑक्टोबर

काल आली नाही. आजही नाही. विचित्र माणसं. आधी गळ्यात पडतात, मग तोंड दाखवत नाहीत. फिलोमेना काल दिवसभर गायब होती, संध्याकाळी आली ती डोळे सुजवून. माझ्या टेबलावरून उठून दुसरीकडे बसली. मास्तरांनीही मान फिरवली. सगळ्यांना उष्णतेचा त्रास होतोय बहुतेक. मी सर्वांना मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं, कोणी प्यायलं नाही.

मी मात्र ठणठणीत.

९ ऑक्टोबर, वाल दे सोव्रो

परतलो. आज सिल्वेरियोला भेटायला गेलो, प्रवास सांगायला. खोलीत शिरलो तर परिचारिका त्याच्या कानाशी मोबाइल धरून उभी. मला खूण केली, थांबा.

फोनमधून बाईचा आवाज येत होता. गात होती, शब्दाविना. संथ मार्चचा दुसरा भाग. आणि सिल्वेरियो, ज्याला पाणी मागता येत नाही, तो घशातून तोच भाग गुणगुणत होता. सूर एकही चुकला नाही. डाव्या हाताची चार बोटं चादरीवर ताल धरत होती.

"रोज संध्याकाळी फोन येतो," परिचारिका म्हणाली. "बँडमधल्या एका बाईंनी तिला आमचा नंबर दिला म्हणे, मग आम्ही यांचाच मोबाइल चालू केला. लेक आहे. हा फोन यायच्या आधीपासूनच ते दाराकडे बघत बसतात."

मी यंत्राकडे पाहिलं. नाडी चांगलीच वाढली होती. म्हटलं, "बाई, हे बरं नाही. रक्तदाब बघा."

ती म्हणाली, "वाढतो म्हणूनच तर फोन कानाला लावतो."

हिच्याशी काय बोलायचं! सिल्वेरियोने मला पाहिलं आणि गुणगुणणं बंद झालं. फोनमधून ती विचारत होती, "बाबा? बाबा, आहात ना?"

घरी येऊन मोठ्या डॉक्टरांना सविस्तर अर्ज लिहिला. नातेवाईक या नात्याने. रुग्णाला उत्तेजना होईल असे संभाषण टाळावे, कारणांसह. ओदेतला म्हटलं, जाता जाता टपालात टाक. तिने पाकीट टेबलावर तसंच ठेवलं. मग मीच गेलो.

१६ ऑक्टोबर

अर्ज मंजूर. मोठे डॉक्टर समंजस निघाले. फोन बंद करण्यात आले आहेत.

आज गेलो तेव्हा अगदी शांत पडला होता. नाडी संथ, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. कसला आवाज नाही, हालचाल नाही. मी त्याला सगळा प्रवास सांगितला, चौक, टाळ्या, माझा दुसरा भाग. चादर सारखी केली, हात पुसले.

परिचारिका पाठ फिरवून औषधं लावत होती. त्याचा मोबाइल उशाजवळच्या कपाटावर होता, आणि तो सारखा तिकडेच बघत होता. तेही डोळ्यांना चांगलं नाही. मी तिला तो तिथून हलवायला लावला.